वरून बोडकं करू देऊ नका

या वेळचं पत्र इंदूरहून, सुदामा नगरातून आलं आहे. थोडं आटोपतं करून देत आहे.

"सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हा फाटकाजवळ लावलेला कडुनिंब आता दुमजली घराच्या वर गेला आहे. परवाच्या वादळात त्याची मनगटाएवढी फांदी तुटून शेजारच्यांच्या गाडीवर पडली. काच फुटली, ती आम्ही भरून दिली. पण तेव्हापासून शेजाऱ्यांचं एकच, झाड काढा. परवा कुऱ्हाड-दोर घेऊन फिरणारे दोघं जण दारात आले. म्हणाले, 'आठ हज़ार में ऊपर से पूरा साफ़ कर देंगे, बारिश में फिर फूट जाएगा.' लाकूड त्यांना दिलं तर पाच हजारात. मुलगा पुण्याहून फोनवर सांगतो, आई, आर्बोरिस्ट, म्हणजे झाडांच्या देखभालीचा तज्ज्ञ, बोलाव. तो इथे कुठे शोधू? झाडाच्या दुफाट्याखाली एक ढोली आहे, तिच्यात पोपट राहतात. ती सिमेंटने भरून घ्यावी का? गेल्या वर्षी फाटकासमोर पेव्हर ब्लॉक टाकले, ते अगदी बुंध्याला भिडले आहेत. आणि मागच्या अंगणात आंबा आहे, चार वर्षं धड मोहर नाही. त्याचीही छाटणी याच माणसांकडून उरकून घ्यावी का?"

ताई,

त्या दोघांना आजच नको म्हणून कळवा. आठ हजारात नको, पाच हजारात नको, फुकटात तर मुळीच नको. बाकीचं निवांत बोलू, पण एवढं आधी उरका. ही मंडळी सकाळी सातला येतात आणि तुमचा चहा उकळेपर्यंत शेंडा खाली आलेला असतो.

"बारिश में फिर फूट जाएगा" हे त्यांचं म्हणणं खोटं नाही, हीच तर पंचाईत आहे. कडुनिंब चिवट, तो फुटतोच. श्रावणात हिरवागार झुबका दिसला की घरमालक खूश होतो आणि गल्लीतल्या आणखी चौघांना त्यांचाच नंबर देतो. पण तो झुबका येतो कुठून? पानं गेली की झाडाचं अन्न तयार होणं थांबतं. मग खोडात आणि मुळांत साठवून ठेवलेला स्टार्च खर्च करून ते सालीखालच्या सुप्त डोळ्यांतून एकदम ढीगभर फुटवे काढतं. खरी फांदी लहानपणापासून वर्षागणिक खोडाच्या लाकडात गुंफत गेलेली असते. हे फुटवे नुसते वरच्या थराला धरून असतात, आणि त्यांच्या खालचा कापलेला खुंट एव्हाना कुजायला लागलेला असतो. तीन-चार वर्षांत ते मनगटाएवढे होतात, लांब आणि वजनदार. मग वैशाख-ज्येष्ठातलं एखादं वावटळ येतं. आज एक फांदी पडली, तेव्हा चार पडतील. शिवाय इतकी वर्षं पानांच्या सावलीत राहिलेली साल एकाएकी उघडी पडून उन्हात भाजते आणि तडकते, ते वेगळंच.

तुमच्या निंबाला पूर्वी कधी असं बोडकं केलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. घरातल्या कुणाला आठवत नसेल तर झाडच सांगेल. पडलेली फांदी ज्या जागेवरून सुटली ती जागा खालून नीट पाहा, मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळ आणून पाहा. तिथे जुन्या खुंटाच्या कडेने साल आणि वरचं लाकूड पापुद्र्यासारखं उचकटलं असेल, तर तो जुन्या छाटणीचा फुटवा होता. तुटलेल्या भागात आत काळपट सालीची पट्टी दिसली, तर दोन फांद्या अरुंद बेचक्यात एकमेकींना चिकटून वाढल्या होत्या आणि मध्ये साल दबली होती. असा सांधा कधी जुळतच नाही. आणि आतलं लाकूड स्वच्छ, धागेदार, फिकट असेल, तर वारा जोराचा होता एवढंच. तिन्हींचा उपाय निराळा आहे. झाड न पाहता दर सांगणाऱ्याला यातलं काही विचारून बघा.

आता या आठवड्यात काय करायचं ते. इंदुरात पाऊस साधारण जूनच्या मध्याला येऊन ठेपतो, म्हणजे हातात दिवस थोडे आहेत आणि मोठ्या छाटणीची ही वेळही नाही. तुटून लटकलेली, चिरलेली आणि वाळलेली फांदी तेवढी काढून घ्या. वाळलेलं लाकूड काढायला मुहूर्त लागत नाही, ते बाराही महिने काढता येतं. हिरव्या फांद्यांना मात्र पौष-माघापर्यंत हात लावू नका. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झाडतो आणि लगेच नवी तांबूस पालवी, पाठोपाठ मोहर. ही पालवी येण्याच्या जरा आधी, जानेवारी ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत, छाटणी केली की झाडाची साठवण शाबूत असते आणि जखम मिटवायला पुढे वाढीचे महिने असतात. भर पावसात ओल्या जखमेवर बुरशी बसते, फांदीवर चढलेल्या माणसाचा पायही घसरतो. एप्रिल-मेमध्ये पालवी नुकती निघालेली असते आणि ऊन चाळिशीच्या पुढे. त्यामुळे दरवर्षी पावसाच्या तोंडावर घाईघाईने कापायची आपली जी रीत पडली आहे, ती झाडाच्या हिशेबाने सगळ्यात वाईट वेळेला पडली आहे.

फाटकावरून विजेची तार जात असेल, घरात येणारी सर्व्हिस केबल जरी असली तरी, तिच्याजवळची फांदी कोणत्याही खासगी माणसाला कापू देऊ नका. १९१२ वर तक्रार नोंदवा, वीज कंपनीकडून पुरवठा बंद करवून घ्या आणि मगच काम होऊ द्या. ओली फांदी वीज वाहून नेते. लाकडी दांड्याचा कोयता आहे म्हणून काही होत नाही, हा समज जिवावर बेततो.

आणि परवानगी. मध्य प्रदेशात शहरी भागातल्या झाडांसाठी २००१ सालचा वृक्ष परिरक्षण कायदा आहे. आपल्या अंगणातलं, आपण लावलेलं झाड असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ते पाडता येत नाही. शेजाऱ्यांना हे शांतपणे सांगा, त्यांनाही बहुधा ठाऊक नसेल. छाटणीसाठीसुद्धा माझा आग्रह आहे की नगर निगमच्या उद्यान विभागाकडे आधी अर्ज द्या: कोणतं झाड, कोणत्या फांद्या, का, आणि सोबत फोटो. आपल्या प्रतीवर आवक नंबर मारून घ्यायला विसरू नका. इंदूर ३११ ॲपवर तक्रार टाकता येते, पण कागद हातात असलेला बरा. उद्या कुणी बोट दाखवलं तर तो कामाला येतो. आणि हो, फांदीवर घरटं असेल तर ते रिकामं होईपर्यंत थांबायचं. पक्ष्यांची अंडी आणि घरटी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतात.

आता मुद्द्याचं. छाटणी किती केली यापेक्षा काप नेमका कुठे दिला यावर झाडाचं पुढचं आयुष्य ठरतं. हे तुम्हाला स्वतःला कळलं की माणूस निवडणं सोपं जाईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपली कातडी कापली तर तिथे नवी कातडी येते. झाडाचं तसं नाही. कापलेलं, कुजलेलं लाकूड ते परत बरं करू शकत नाही. ते त्या भागाभोवती आतून भिंती घालून त्याला कोंडून टाकतं आणि बाहेरून नव्या लाकडाची घडी घालत नेतं. अमेरिकी वनखात्यातले डॉ. ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडं चेन-सॉने उभी-आडवी चिरून हे दाखवलं आणि १९७७ साली त्याचा आराखडा मांडला. त्याआधी जगभर फांदी खोडाशी अगदी सपाट कापायची पद्धत होती; तसं कापलं की काम 'साफ' दिसायचं. आपल्याकडे अजून तसंच कापतात.

तुमच्या निंबाची हाताला येईल अशी एखादी बारीक फांदी धरा आणि ती जिथे खोडातून निघते तिथे बोटं फिरवा. बुडाशी हलका फुगवटा लागेल, मनगटावर घट्ट बसलेल्या बांगडीसारखा. वरच्या बाजूला, फांदी आणि खोड यांच्या बेचक्यात, सालीची खरबरीत काळसर सुरकुती उठलेली दिसेल. कोंडून टाकायची सगळी तयारी झाडाने या फुगवट्यात करून ठेवलेली असते. तो फुगवटा खोडाचा भाग आहे, फांदीचा नव्हे. काप त्याच्या लगेच बाहेर पडला पाहिजे: सुरकुतीच्या बाहेरून सुरू होऊन फुगवट्याच्या बाहेर संपणारा, थोडा तिरपा. फुगवटा कापला तर भिंत घालणारेच गेले आणि कूज थेट खोडात शिरते. याच्या उलट हातभर खुंट ठेवला तर तो वाळतो, कुजतो आणि कूज आत घेऊन जातो.

जाड फांदी एका घावात काढायची नसते. आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालच्या बाजूने काप द्यायचा, जाडीच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्शापर्यंत. मग त्याच्या इंच-दोन इंच पुढे वरून कापायचं. फांदी मोडून पडते, पण साल खाली खोडापर्यंत सोलत जात नाही, त्या खालच्या कापापाशी थांबते. शेवटी उरलेला हलका खुंट हाताने धरून फुगवट्याबाहेर नीट उतरवायचा. वस्तीत, गाड्यांच्या वर, फांदी मोकळी सोडायची नाही. वरच्या बळकट बेचक्यातून दोर घेऊन ती बांधायची आणि हळूहळू खाली घ्यायची. यासाठी करवत लागते. ज्याच्याकडे फक्त कुऱ्हाड आहे त्याला हे काम जमणारच नाही, मग तो माणूस कितीही अनुभवी असो.

जखमेला डांबर, ऑइलपेंट, शेण-माती असं काही लावू नका. लोक मायेने लावतात, पण त्याने कूज थांबत नाही, उलट आत ओल धरून राहते. बुंध्याला गेरू-चुन्याचे पट्टे ओढायचे असतील तर खुशाल ओढा, त्याने बिघडत नाही आणि सुधारतही नाही.

पुढच्या माघात जी छाटणी कराल तिचं प्रमाण असं ठेवा की एका हंगामात हिरव्या पानोऱ्याचा पाव हिस्सा ही कमाल मर्यादा, आणि तुमच्या निंबासारख्या वयस्क झाडाला त्याहूनही कमी. शक्यतो चार इंचांपेक्षा जाड फांदी कापायची वेळ येऊ देऊ नये, कारण जाड फांदीच्या मधलं मेलेलं गाभ्याचं लाकूड भिंती घालू शकत नाही. शेजाऱ्यांच्या बाजूला झुकलेली लांब फांदी असेल तर ती बुडापासून उडवायची गरज नसते. तिची लांबी कमी करता येते. तिच्यावरची एखादी जोमदार उपफांदी शोधायची, मूळ फांदीच्या निदान एक तृतीयांश जाडीची, आणि तिच्यापर्यंत मागे यायचं. मग पुढची वाढ ती उपफांदी सांभाळते आणि फुटव्यांचं जंगल माजत नाही. आणखी एक चूक फार दिसते: झाडावर चढलेला माणूस हाताजवळच्या आतल्या बारीक फांद्या सफाचट करतो आणि टोकाला तेवढा पानांचा गोंडा ठेवतो. खालून झाड हवेशीर दिसतं, पण सगळं वजन टोकाला गेल्यामुळे वाऱ्यात फांदी जास्त हेलकावते आणि मोडते. विरळणी करायची ती बाहेरच्या बाजूला, बारीक फांद्यांची.

ढोली सिमेंटने भरू नका. एके काळी जगभर भरायचे, आता सोडून दिलं आहे. झाड वाऱ्यात डुलतं, सिमेंट डुलत नाही. त्यांच्यात फट पडते, पाणी आत जातं आणि बाहेर निघत नाही. पाणी निघावं म्हणून ढोलीला खालून भोक पाडायचा सल्लाही कुणी देईल. तोही ऐकू नका, कारण त्या भोकाने झाडाने घातलेली भिंतच फुटते. ढोली आहे म्हणजे झाड पडणार, असंही नाही. पोकळ खोडाभोवती निरोगी लाकडाचं कवच किती जाड उरलं आहे यावर ते ठरतं. खोडाच्या त्रिज्येच्या साधारण ३० टक्के तरी कवच हवं, असा एक ढोबळ आडाखा तज्ज्ञ वापरतात. तोंड मोठं उघडं असेल तर त्याहून कडक हिशेब लागतो. जाणता माणूस लाकडी हातोडीने खोड ठोकून, आवाज ऐकत फिरतो आणि बरंच सांगतो. तोवर पोपटांना राहू द्या.

मला ढोलीपेक्षा तुमच्या पेव्हर ब्लॉकची जास्त धास्ती वाटते. झाडाची बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच पसरलेली असतात. ब्लॉक बसवताना तिथे खणलं असणार आणि वाटेत आलेली मुळं कापली असणार. फाटकाच्या बाजूला बुंध्यापासून किती अंतरावर खणलं होतं ते त्या वेळचे फोटो असतील तर पाहा. खोड दोन फूट व्यासाचं असेल तर निदान सहा फुटांच्या आतलं जाड मूळ कापणं म्हणजे झाडाचा आधार कापणं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या मोठ्या पावसात लोण्यासारखी मऊ होते; एका बाजूचा आधार गेलेली झाडं त्याच आठवड्यात वाऱ्याबरोबर उलथतात. म्हणून आषाढ लागण्यापूर्वी बुंध्याभोवती फिरून एकदा बघा. झाड अलीकडे एका अंगाला कललं आहे का? कललेल्या बाजूच्या विरुद्ध जमीन उचलली किंवा फाटली आहे का? बुंध्यावर किंवा मुळांवर कठीण, कपाटाच्या फळीसारखी बुरशी उगवली आहे का? दुफाट्यातून उभी चीर खाली उतरते आहे का? यातलं एक जरी असेल तर वाट बघू नका. फाटकाखाली गाडी लावणं बंद करा आणि तज्ज्ञाला तातडीने दाखवा. मग कदाचित शेजाऱ्यांचं म्हणणं खरंही ठरेल आणि झाड काढावं लागेल. ते मान्य करायची तयारी ठेवा. यातलं काही नसेल, तर आधी बुंध्याभोवतालचे ब्लॉक उचला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवतालचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तेच माप तुम्ही धरा, जागा असेल तर जास्त.

आता मुलाचा आर्बोरिस्ट. मुलगा बरोबर सांगतो आहे, पण पुण्यात बसून सांगणं सोपं. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर ही १९२४ साली स्थापन झालेली अमेरिकी संस्था झाडांची देखभाल करणाऱ्यांना प्रमाणपत्र देते. त्यासाठी साधारण तीन वर्षांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव किंवा शिक्षण-अनुभवाची तशी जोड लागते, परीक्षा असते, आणि दर तीन वर्षांनी प्रमाणपत्राचं नूतनीकरण करावं लागतं. कुणी 'सर्टिफाइड' म्हणून कार्ड दिलं तर त्याचं नाव संस्थेच्या संकेतस्थळावर तपासून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. पण भारतात अशी माणसं मोजकीच आहेत. इंदुरात मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तरी हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही.

व्यवहारात काम दोघांत वाटा. पाहणारा वेगळा, कापणारा वेगळा. पाहायला कृषी महाविद्यालयातले उद्यानविद्येचे कुणी प्राध्यापक, उद्यान विभागातून किंवा वनखात्यातून निवृत्त झालेले कुणी अधिकारी, किंवा एखाद्या जुन्या, झाडीच्या मोठ्या आवाराची बाग सांभाळणारा पर्यवेक्षक, असं कुणी गाठा. फी घेऊन येत असेल तर अवश्य द्या. ज्याला कापण्यातून पैसे मिळणार नाहीत त्याचं मत घ्यायचं, हा यातला मुद्दा. तो सांगेल त्या फांद्यांना चुन्याची खूण करून फोटो काढून ठेवा. मग कापणारा त्या खुणांवर काम करेल. साधा माळी या कामाचा नाही, हे माळ्याचा मान ठेवून सांगतो. गुलाब-मोगरा छाटणारा हात आणि चाळीस फुटांवर दोरावर लटकून करवत चालवणारा हात वेगवेगळे.

कापणाऱ्याची परीक्षा कशी घ्याल? त्याला विचारा, दोन-तीन वर्षांपूर्वी कुठे काम केलंस? आणि ते झाड जाऊन बघा. जुन्या कापाभोवती सगळीकडून सारखं, गोल वळं भरून आलं असेल तर त्याचा हात चांगला. वळं फक्त दोन्ही बाजूंनी आलं आहे आणि वर-खाली उघडं राहिलं आहे, तर त्याने सपाट कापून फुगवटा उडवला. खुंट वाळून उभे असतील किंवा शेंड्याला फुटव्यांचे झाडू असतील तर तिथूनच परत फिरा. ही कसोटी कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा मला भरवशाची वाटते, कारण झाड खोटी शिफारस देत नाही.

काम सुरू होताना डोक्याला हेल्मेट, कमरेला हार्नेस, खाली दोर धरणारा आणि लोकांना अडवणारा दुसरा माणूस, एवढं दिसायलाच हवं. बुटांना खिळे लावून जिवंत झाडावर चढू देऊ नका, प्रत्येक पावलाला एक जखम होते. माणूस पडला तर जबाबदारी कुणाची, अपघाती विमा आहे का, हे आधी विचारा. विचारायला अवघड वाटतं, पण पडल्यावर विचारणं त्याहून अवघड. आधी कापलेल्या झाडाचा रोग या झाडाला नको म्हणून करवतीचं पातं स्पिरिटने पुसून घ्यायला सांगा.

आणि लाकडाचा सौदा कधीही करू नका. पाच हजारात काम आणि लाकूड त्यांचं, यात त्यांची कमाई कशात आहे? जाड फांद्यांत. बारीक वाळक्या काटक्यांना कोण भाव देतो? ज्याला लाकडाच्या वजनावर पैसे मिळणार तो तुमच्या झाडाच्या नेमक्या त्याच फांद्या कापणार ज्या राहायला हव्यात. पूर्ण मजुरी द्या आणि लाकूड तुमच्याकडे ठेवा.

पाला आणि बारीक डहाळ्याही घालवू नका. कचरागाडीत भरण्याआधी आठवा की काडीकचऱ्याचं खत करायची जगभर गाजलेली पद्धत तुमच्याच शहराच्या नावाने ओळखली जाते. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत होते. त्यांनी सहकारी यशवंत वाड यांच्याबरोबर इथे शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर लावून, वेळोवेळी पालटून, तीन महिन्यांत खत करून दाखवलं. (छाटणीवाल्यांची ती अमेरिकी संस्थाही १९२४ चीच, हा निव्वळ योगायोग, पण मला गंमत वाटते.) तुम्हाला एवढी खटपट नको असेल तर डहाळ्यांचे तुकडे करा आणि ब्लॉक काढलेल्या जागेत तीन-चार इंच जाड पसरा. बुंध्याला मात्र टेकवू नका, वीतभर मोकळं ठेवा.

शेजाऱ्यांकडे स्वतः जा, फोनवर बोलू नका. पाहणी करून देणाऱ्याचा कागद आणि अर्जाची आवक मारलेली प्रत सोबत न्या. त्यांच्या बाजूच्या लटकत्या फांद्या या आठवड्यात निघतील आणि लांब फांदी माघात आखूड होईल, हे तारखेसकट सांगा. काचेचे पैसे तुम्ही विनातक्रार दिलेत, तेव्हा ऐकून घेतील असं वाटतं.

राहिला आंबा. त्याचा न्याय वेगळा आहे, तो निंबाच्या माणसांकडे देऊच नका. आंब्याची छाटणी फळं उतरल्यावर लगेच करायची, जुलैत उघडीप बघून. उशीर केला तर नवी फूट पक्व व्हायला वेळ मिळत नाही आणि पुढच्या मोहराला मुकावं लागतं. आत अंधार झाला असेल तर मधोमध सरळ वर गेलेल्या एक-दोन फांद्या बुडातून काढून ऊन आत येऊ द्या. वाळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा. बांडगूळ दिसलं तर ते चिकटलं आहे तिथून फूटभर खालून फांदी उतरवा, नुसतं ओरबाडलं तर परत येतं. आंब्याच्या कापावर बोर्डो पेस्ट लावायची शिफारस फळबागांत केली जाते, एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी या प्रमाणात. मघाशी डांबराला नको म्हटलं, हे वेगळं, इथे बुरशीचा रोग रोखायचा असतो. कुणी सांगेल की जुन्या आंब्याच्या सगळ्या मोठ्या फांद्या तोडून झाड नवं करता येतं. फळबागांत तसं करतात, खरं आहे, पण नंतर दोन-तीन वर्षं फुटवे निवडून विरळ करत राहावं लागतं आणि तितके दिवस फळ नसतं. अंगणातल्या एका झाडासाठी मी ते सुचवणार नाही.

मोहर न येण्याचं खरं कारण मला दुसरीकडे दिसतं. जुन्या घरांत मोरीचं किंवा वॉशिंग मशीनचं पाणी नळीने आंब्याच्या आळ्यात सोडलेलं असतं. आंब्याला मोहरापूर्वी दोन-तीन महिने कोरडी विश्रांती लागते; बारमाही पाणी मिळालं की तो पानं काढत बसतो. तुमच्याकडे तसं असेल तर दसऱ्यानंतर नळीचं तोंड दुसऱ्या झाडाकडे वळवा आणि मोहर येऊन फळं हरभऱ्याएवढी झाली की परत आंब्याकडे आणा.